वसतिगृहाच्या खोलीत केवळ राइस कुकरवर रोजचा स्वयंपाक होईल का?

प्रश्न

नमस्कार. मी महाविद्यालयात शिकते आणि वसतिगृहात राहते. येथे शेगडीला मनाई आहे, मात्र आपोआप बंद होणारी छोटी विद्युत उपकरणे चालतात, म्हणून एकच खटका असलेला साधा राइस कुकर घेतला आहे. भात उत्तम होतो. परंतु कांदा परतायला घेतला की थोड्याच वेळात खटका वर उडतो, आणि डाळ लावली की झाकणातून फेस उतू जातो. हा उपकरणातील दोष समजावा की त्याची मर्यादा? आठवड्यातील बहुतेक जेवणे यावर करता येतील का?

प्रतिसाद १

दोष नाही. भांडे उचलून पाहिल्यास तळाशी मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक गोल चकती दिसेल. साध्या कुकरचे सारे शहाणपण तिच्यात आहे. भांड्यात मोकळे पाणी असेपर्यंत तळाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते, कारण जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी तांदळात शोषले गेले की तापमान झपाट्याने चढते, चकतीतील चुंबक ठरावीक तापमानाला आपले चुंबकत्व गमावतो आणि खटका सुटून कुकर ‘वॉर्म’वर जातो. म्हणजे या यंत्राला वेळ कळत नाही आणि पदार्थही कळत नाही. तळाशी पाणी आहे की संपले, एवढेच कळते. कांदा तेलात परतताना तेथे पाणी जवळजवळ नसतेच, त्यामुळे ते आपले काम चोख बजावून थांबते.

खटका खाली दाबून धरण्यासाठी काडी किंवा चिकटपट्टी लावण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो कृपया मानू नका, कारण अति तापण्यापासून वाचवणारी यंत्रणाच त्यामुळे निकामी होते. त्याऐवजी कांदा बारीक चिरून थोडे तेल, मीठ आणि दोन-तीन चमचे पाणी घालून झाकण ठेवा. तो खरपूस होणार नाही, पण मऊ आणि गोडसर होईल, आणि एका भांड्यातील जेवणाला तेवढे पुरेसे असते.

प्रतिसाद २

डाळीच्या फेसाविषयी सांगतो. डाळीतील प्रथिने आणि स्टार्च यांमुळे बुडबुडे टिकून राहतात, म्हणून भांडे निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, डाळ पाणी निवळ होईपर्यंत धुवावी, चमचाभर तेल घालावे आणि पहिली उकळी येईपर्यंत झाकण किंचित तिरके ठेवावे. डाळ पातळ हवी असल्यास खटका आपोआप वर उडण्याची वाट पाहू नका, कारण तो पाणी आटल्यावरच उडणार. डाळ शिजली की स्वतः बंद करा.

माझ्या मते या कुकरवर सर्वांत चांगले होते ते तांदूळ, लवकर शिजणारी डाळ आणि भाज्या यांचे एकत्र जेवण. गाजर, बटाटा यांसारख्या कठीण भाज्या लहान चिरून सुरुवातीलाच घालाव्यात. पालेभाजी मात्र खटका वर उडल्यावर वर पसरून झाकण लावले की आतल्या वाफेवर पाच-दहा मिनिटांत होते. वाफेची जाळी मिळाली असेल, तर त्याच वेळी वर अंडीही शिजतात. सकाळी ओट्स करायचे असल्यास दूध शेवटी घाला, नाहीतर तेही उतू जाईल.

विजेचे म्हणाल, तर छोटा कुकर साधारणतः ३०० ते ५०० वॉट घेतो, तर किटली १,५०० वॉट किंवा अधिक. ही दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर एकाच वेळी लावू नका.

प्रतिसाद ३

उरलेल्या भाताबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात. भात तासन्‌तास खोलीच्या तापमानाला राहिला तर त्यांची वाढ होते, आणि त्यातून तयार होणारे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे बंद केलेल्या कुकरमध्ये रात्रभर भात ठेवू नये. उथळ डब्यात पसरून तासाभरात गार करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफाळेपर्यंत गरम करून संपवावा. खोलीत फ्रिज नसेल, तर एका वेळेपुरताच लावणे हाच मार्ग आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. खटक्याचे कारण कळल्यामुळे पुष्कळ गोष्टी उलगडल्या. एकच शंका उरते: राजमा यात शिजवला तर चालेल का?

प्रतिसाद ३

चालेल, मात्र येथे काळजी हवी. कच्च्या राजम्यात लेक्टिन वर्गातील एक विषारी प्रथिन असते. त्याने काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळाखळा उकळू द्या. त्यानंतर पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवत राहा. कुकरच्या ‘वॉर्म’ स्थितीत तो कधीही शिजवू नये, कारण उकळीपेक्षा कमी उष्णतेत हे प्रथिन नीट नष्ट होत नाही. मध्येच पाणी आटले, तर खटका वर उडण्यापूर्वी गरम पाणी घाला. दाणा बोटांत सहज चिरडला गेला की मगच मीठ-मसाला घालून खटका वर करा.