वायटूके म्हणजे नुसता बागुलबुवा होता, असं म्हणणाऱ्यांशी मला भांडायचंय

एरंडवण्यातला कोबोलवाला:
परवा भाचीच्या साखरपुड्यात जेवायच्या पंगतीत विषय निघाला आणि समोरचे एक गृहस्थ म्हणाले, ते दोन हजार सालचं कॉम्प्युटरचं थोतांड आठवतं का, जग बुडणार म्हणत होते आणि एक दिवा सुद्धा गेला नाही, सगळी पैसे काढायची युक्ती. आजूबाजूचे सगळे माना डोलवत होते. मंगलकार्य आहे म्हणून मी गप्प बसलो, पण दोन रात्री झोप नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी १९९७ ते २००० वायटूकेचंच काम करत होतो, म्हणजे दोन हजार साल लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखा चुकू नयेत म्हणून जुने प्रोग्राम दुरुस्त करायचं, पुण्यात बसून एका अमेरिकन विमा कंपनीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या काळी माहिती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पंचकार्डावर ठेवायचे, त्यावर फक्त ८० रकाने असायचे आणि मेमरी सोन्याच्या भावाची, म्हणून वर्ष दोनच आकड्यांत लिहायची पद्धत पडली, १९६५ चं ६५. ती पद्धत पुढे तशीच चालू राहिली. आता ९५ साली घेतलेली पॉलिसी ०० साली किती वर्षांची झाली? मशीन म्हणणार उणे ९५. हप्ता, व्याज, वय, मुदत, सगळंच उलटं. शिवाय २००० हे लीप वर्ष. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं एवढंच काही प्रोग्रामरना ठाऊक होतं, चारशेने भाग गेला तर असतं हे नव्हतं, त्यामुळे काही प्रोग्रामांत २९ फेब्रुवारीच नव्हती.

आम्ही एकेक प्रोग्राम उघडून तारखा शोधायचो, आणि तारीख कुठे 'डेट' नावाने ठेवलेली असते असं समजू नका, वीस वर्षांपूर्वी कुणी काय मनात येईल ते नाव दिलेलं. दोनाचे चार आकडे केले की फाइलची रुंदी बदलते, मग ती फाइल वाचणारे पुढचे चाळीस प्रोग्राम बदला, मग ते सगळं तपासा. ३१ डिसेंबरला, शुक्रवार होता, आम्ही अकरा जण ऑफिसात होतो. दुपारी साडेचारला न्यूझीलंडमध्ये बारा वाजले तेव्हा सगळे टीव्हीकडे बघत होतो. त्याच टीव्हीवर कंदाहारची बातमी, अपहरण केलेल्या विमानातले प्रवासी सुटल्याची, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. न्यूयॉर्कचे बारा वाजले आपल्या १ तारखेला सकाळी साडेदहाला, आणि मग आम्ही घरी गेलो.

काही झालं नाही कारण ते आम्ही होऊ दिलं नाही. माझं म्हणणं एवढंच की काळजी करणं बरोबर होतं आणि आजही अशा गोष्टींची करायला हवी.

चिंचवडचा दादा:
काका, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण १००% असहमत. मी दुसऱ्या बाजूने बघितलंय. माझ्या मोठ्या भावाने १९९९ च्या जूनमध्ये पतसंस्थेचं बावीस हजार कर्ज काढून टिळक रोडवरच्या एका क्लासमध्ये कोबोल, म्हणजे ते जुने प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलेत ती, शिकायला सुरुवात केली, कारण जाहिराती तशाच होत्या, कोबोल शिका अमेरिकेला जा. कोर्स संपला फेब्रुवारी २००० मध्ये! तोवर कोबोलवाल्यांना कुणी विचारत नव्हतं. वडिलांनी ते कर्ज तीन वर्षं फेडलं, कंपनीतला ओव्हरटाइम करून. भीती विकली गेली आणि ती आमच्यासारख्यांनी विकत घेतली, हे पण लिहा ना.

आणि माझा मुख्य मुद्दा. इटली, रशिया, दक्षिण कोरिया यांनी अमेरिकेच्या मानाने फारच थोडा खर्च केला. तिथे काय झालं? काही नाही. जगभरात ३०० ते ६०० अब्ज डॉलर लागतील असे अंदाज छापून येत होते. ज्याने औषध घेतलं तोही बरा आणि ज्याने नाही घेतलं तोही बरा, तर मग आजार केवढा होता हे विचारायचं की नाही? आमची आजी १९६२ च्या अष्टग्रहीचं सांगायची, मकर राशीत आठ ग्रह आले म्हणून देशभर यज्ञ झाले, लोकांनी दानधर्म केला, आणि काही झालं नाही तेव्हा भटजी म्हणाले यज्ञामुळे टळलं. तुमचा युक्तिवाद मला तसाच वाटतो. १९७९ साली स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून पण असंच घाबरवलं होतं.

निवृत्त बँकवाली:
मी सहकारी बँकेत २९ वर्षं काढली, शेवटी अकाउंट्सला होते. दादांना एक सांगते, यज्ञाने ग्रह हलले का हे तपासता येत नाही, पण कॉम्प्युटरची तारीख पुढे करून बघता येते. आम्ही बघितली होती! ऑक्टोबर ९९ मध्ये एका शनिवारी कामकाज संपल्यावर टेस्टच्या मशीनवर तारीख ३ जानेवारी २००० केली आणि मुदतठेवींच्या व्याजाचा रिपोर्ट काढला. पानंच्या पानं उणे रक्कम. बघून माझे तर हातपाय गार पडले, कारण त्यात पेन्शनर लोकांच्या ठेवी होत्या, नावं ओळखीची. नंतर सॉफ्टवेअरवाल्यांनी दुरुस्त करून दिलं, तरी साहेबांनी ३१ तारखेला प्रत्येक खात्याची बाकी कागदावर छापून घेतली होती, गठ्ठे तिजोरीत ठेवले. ते गठ्ठे लागले नाहीत याचा मला आजही आनंदच होतो, पैसे फुकट गेले असं कधी वाटलं नाही.

मात्र दादा म्हणतात त्यातलं एक खरं. डिसेंबरात काउंटरवर म्हातारी माणसं यायची, बाई माझे पैसे राहतील ना, काढून घेऊ का. काहींनी काढले सुद्धा, आणि घरात रोकड ठेवायची म्हणजे चोराचं भय वेगळंच. त्यांना कुणी साध्या मराठीत समजावून सांगितलं नाही. ते पाप आपल्या सगळ्यांचं.

एरंडवण्यातला कोबोलवाला:
ताई, तुमचा व्याजाचा रिपोर्ट वाचून अंगावर काटा आला, आमच्या इथेही अगदी असंच झालं होतं.

दादा, इटली-रशियाचा मुद्दा मी नेहमी ऐकतो आणि त्याला उत्तर आहे. एक तर तिथे तेव्हा अमेरिका-ब्रिटनइतकं सगळं कॉम्प्युटरवर अवलंबून नव्हतं. दुसरं, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, बँकांची पॅकेजेस ही बहुतेक ठरावीक कंपन्यांची, त्यांनी एकदा दुरुस्त केली की ती नवीन आवृत्ती सगळ्या जगात जाते, ज्याने स्वतः दमडी खर्च केली नाही त्यालाही ती आयती मिळते. गावाने विहीर उपसली की कडेला उभा राहिलेलाही स्वच्छ पाणीच पितो.

आणि काहीच झालं नाही हे तरी कुठे खरं आहे? जपानमध्ये इशिकावाला अणुवीज केंद्राजवळचं किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र मध्यरात्रीनंतर बंद पडलं. ब्रिटनमध्ये तर २८ डिसेंबरलाच हजारो दुकानांतली कार्ड घासायची मशीनं अडली, कारण ती चार कामाचे दिवस पुढचं बघायची आणि पुढे ०० दिसलं. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांची माहिती काही दिवस नीट वाचता येत नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या एका व्हिडिओ लायब्ररीने गिऱ्हाइकाला शंभर वर्षं कॅसेट ठेवल्याबद्दल ९१,२५० डॉलरचं बिल काढलं. यातलं बरंचसं किरकोळ, मान्य, पण जिथे दुरुस्ती राहून गेली तिथे काय होतं ते कळतं.

पॅथॉलॉजीवाली:
किरकोळ म्हणून सोडून देऊ नका काका, एक अजिबात किरकोळ नव्हतं. इंग्लंडमध्ये शेफील्डला गर्भवती बायकांची डाउन सिंड्रोमची तपासणी व्हायची, त्यात आईच्या वयावरून धोका काढतात. २००० साली त्या कॉम्प्युटरने वय चुकीचं मोजलं आणि १५४ बायकांना चुकीचे निकाल गेले, आणि हे जानेवारीत नाही, मे महिन्यात लक्षात आलं. त्या चुकीपायी दोन गर्भपात झाले, आणि धोका कमी आहे असं सांगितलेल्या चौघींना डाउन सिंड्रोम असलेली बाळं झाली. मी स्वतः लॅबमध्ये रिपोर्टवर सही करते, मशीनमधून आलेल्या आकड्यावर आम्ही किती डोळे झाकून विश्वास टाकतो हे मला माहितीये, म्हणून हा किस्सा मी प्रत्येक नवीन मुलीला सांगते. दिवे गेले नाहीत म्हणजे काही झालं नाही असं समजणाऱ्यांनी त्या बायकांचा विचार करावा.

हिंजवडी फेज दोन:
मी वायटूकेच्या वेळी दुसरीत होतो त्यामुळे तेव्हाचं माहीत नाही, पण आता २०३८ ची जी नवीन भीती चालू झालीये त्याबद्दल बोलू शकतो. युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, ते ३२ बिटांच्या, म्हणजे ठरावीक मापाच्या, जागेत ठेवले तर २,१४७,४८३,६४७ ला भरतात, म्हणजे १९ जानेवारी २०३८, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, मंगळवार. पुढच्या सेकंदाला घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये. पण अहो, फोन ६४ बिट झाले, सर्व्हर झाले, युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सने ३२ बिटवाल्यांसाठी सुद्धा २०२० मध्येच ५.६ आवृत्तीत सोय केली. तोपर्यंत जुनी मशीनं भंगारात गेलेली असतील. उगाच लोकांची झोप का उडवायची?

एरंडवण्यातला कोबोलवाला:
बाळा, "तोपर्यंत जुनी मशीनं भंगारात गेलेली असतील" हेच वाक्य १९७५ साली ज्यांनी दोन आकडे टाकले त्यांनी म्हटलं होतं. चिप ६४ बिट झाली म्हणून डेटाबेसमधला रकाना ६४ बिट होत नाही, फाइलचा साचा बदलत नाही. आणि जुनं सामान जातं कुठे? कारखान्यातले कंट्रोलर, पाण्याच्या टाकीवरची यंत्रं, ती वीस-पंचवीस वर्षं चालतात आणि कुणी हात लावत नाही, कारण चालतंय ना. १ जानेवारी २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरवर जगभरातल्या मेल अडकल्या त्या कशाने? तारीख २२०१०१०००१ अशी आकडा म्हणून ३२ बिटांत कोंबली होती, मावली नाही. तुझ्याच पिढीचा कोड असणार तो. आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला न्यूझीलंडमध्ये पेट्रोलपंपांवर कार्ड चालेनात, लीप वर्ष विसरले म्हणून!

नारायण पेठ, वय ७८:
मी कॉम्प्युटरवाला नाही. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी इथे होतो, लहान होतो, आमच्या वाड्यात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. धरणावर जवानांनी रात्रभर मातीची पोती रचली म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटलं, आणि पाणी गावात दिवसाउजेडी आलं. रात्री झोपेत आलं असतं तर किती माणसं गेली असती, मी हे लिहायला असतो की नाही, कोण सांगणार? ज्यांचे जीव वाचले त्यांची यादी कुठेच नसते. म्हणून एरंडवणेकरांचं मला पटतं. पण त्या दिवशी गावाला वेळेवर आणि नीट सांगितलं गेलं नाही, आणि चिंचवडच्या दादाचा राग मला त्याच जातीचा वाटतो, तोही खरा आहे.

चिंचवडचा दादा:
आजोबा, नमस्कार. पानशेतचं वाचून गप्प झालो थोडा वेळ. बँकवाल्या ताईंनी तारीख पुढे करून बघितली होती हेही मला माहीत नव्हतं, तेव्हा अष्टग्रहीची तुलना मी मागे घेतो. शेफील्डचं तर ऐकलंच नव्हतं.

पण माझा मुद्दा संपलेला नाही. इंजिनिअरने काळजी करावी, बँकेने करावी, लॅबने करावी, बरोबर. सामान्य माणसाने करून काय उपयोग? माझी आई काय कोबोल दुरुस्त करणार होती? तिच्या वाट्याला फक्त भीती आली आणि भावाच्या वाट्याला कर्ज. २०३८ ला परत तेच होणार, क्लासवाले जाहिराती करणार आणि पोरं फसणार. सामान्य माणसाने करण्यासारखी एक तरी ठोस गोष्ट सांगा, मग मानतो.

निवृत्त बँकवाली:
दादा, आहे ना एक, आणि ती २०३८ पर्यंत थांबायची पण गरज नाही. तुमच्या सोसायटीत नाहीतर भिशीत, पतसंस्थेत, जुन्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये ठेवींचं रजिस्टर आहे का? वर्ष दोन आकड्यांत टाकतात ना सगळे? जुन्या विंडोजमध्ये ०० ते २९ म्हणजे २०००-२०२९ आणि ३० ते ९९ म्हणजे १९३०-१९९९ असं धरलेलं असतं, वायटूकेच्या वेळी जो तात्पुरता उपाय म्हणून केला तोच. पाच-सात वर्षांची ठेव आज ठेवली की मुदत ३० च्या पुढे जाते.

चिंचवडचा दादा:
आमच्या सोसायटीचा खजिनदार मीच आहे. सिंकिंग फंडाच्या एफडी एक्सेलमध्ये आहेत, ऑफिसातलं मशीन बिल्डरने दिलेलं, विंडोज सेव्हन. उद्या सकाळी बघून लिहितो.

चिंचवडचा दादा:
बघितलं. १/४/३१ टाकलं, सेलमध्ये १-४-१९३१ आलं. मागच्या वर्षी केलेल्या दोन एफडींची मुदत तशीच पडलीये, कुणाच्या लक्षात आलं नाही कारण रकान्यात शेवटचे दोनच आकडे दिसतात. एकीची मुदत संपली म्हणून लाल रंग पण आला होता आणि आम्हाला वाटायचं फाइल बिघडलीये. पावत्या कागदी आहेत त्यामुळे पैसे सुरक्षित आहेत. आता काय करू?

एरंडवण्यातला कोबोलवाला:
आधी फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, मूळ फाइलला हात नको. मग तारखांच्या रकान्याचं फॉरमॅट बदलून वर्ष चार आकडी दिसेल असं करा, १९ ने सुरू होणारं दिसेल ते सगळं पावत्या समोर ठेवून हाताने दुरुस्त करा. कंट्रोल पॅनलमध्ये रीजनच्या सेटिंगमध्ये २०२९ ही सीमा पुढे नेता येते, ती पण न्या, पण टाकताना चारही आकडे टाकायची सवय लावा, सेक्रेटरींना पण सांगा. रविवारी सकाळी मी मोकळा आहे, चिंचवडला मुलगी राहते, तिच्याकडे येणारच आहे. वेळ कळवा, दोघं मिळून बसू, तासाभराचं काम आहे.

चिंचवडचा दादा:
रविवारी दहाला या काका. भावाला पण बोलावतो, तो आता गॅस एजन्सीत आहे, पण कोबोल त्याला अजून आठवतं.