मदत हवी आहे: गुलमंडीजवळच्या माळवदी वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस. पाडावा की दुरुस्त करावा?

ढाळज

संभाजीनगरच्या जुन्या शहरात, गुलमंडीपासून पायी पाच मिनिटांवर वाडा आहे. जागा साधारण २,४०० चौरस फूट. खालचा मजला आणि वरचा एक, मधे चौक. दर्शनी भिंत काळ्या दगडाची, आतल्या भिंती दगड-मातीच्या, जाडी दोन फूट. खांब, तुळया सागवानी. छत पूर्ण माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर. मागच्या बाजूला माळवदावर नंतर विटांची एक खोली चढवून तिच्यावर स्लॅब टाकलेला आहे.

महापालिकेची कलम २६४ ची नोटीस आली आहे. एका अभियंत्याने ऑडिट करून 'सी-१, तात्काळ पाडावी' असं लिहून दिलं. रस्त्याकडे दोन भाडेकरूंची दुकानं आहेत. वारस चार. एक बिल्डर खाली पार्किंग आणि वर चार मजले बांधायला तयार आहे, पाडकाम स्वतः करून देतो म्हणतो.

प्रश्न असे:
१. नोटीस आली म्हणजे पाडावंच लागतं का?
२. माळवदी वाडा दुरुस्त होऊन पुढे टिकतो का?
३. भाडेकरूंचं काय होतं?
४. जुनी कागदपत्रं उर्दूत आहेत. ती चालतील का?

नकाशा_मंजुरी

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४ नीट वाचा. त्यात पाडण्याबरोबरच इमारत सुरक्षित करणं आणि दुरुस्त करणं हेही पर्याय आहेत. तुमच्या नोटिशीत नेमका कोणता शब्द आहे तो बघा. 'पाडा अथवा दुरुस्त करा' असं असेल तर दुरुस्तीचा आराखडा घेऊन लेखी उत्तर द्या. उत्तर मुदतीत द्या आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी बोलणं धरलं जात नाही.

ऑडिटमधे इमारतीला ज्या श्रेण्या देतात त्या चार आहेत. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडणे. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. जुन्या शहरातले पुष्कळसे वाडे खरं तर सी-२अ मधे बसतात. ऑडिट चुकीच्या पद्धतीने झालं की ते सी-१ होऊन बसतात, आणि सी-१ चा कागद हातात आला की वाडा वाचवायला कुणी उभं राहत नाही.

तुळई_आणि_खण

त्या ऑडिट अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे आहेत का? अल्ट्रासॉनिक? असतील तर अहवाल परत करा. हॅमरची चाचणी काँक्रीटसाठी असते. दगड-मातीच्या भिंतीवर तिच्या आकड्यांना अर्थ नाही. आरसीसी इमारतीचा साचा घेऊन त्यात वाड्याचं नाव भरलेले अहवाल सर्रास दिसतात. चुना आणि लाकडाचं काम जाणणारा, महापालिकेकडे नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या आणि दुसरं ऑडिट करा. त्यात पुढच्या गोष्टी हव्यातच.

छतावर मातीचा थर किती, ते दर खणात (खांबांमधल्या प्रत्येक चौकोनात) खड्डा घेऊन मोजायचं. दरवर्षी पावसाळ्याआधी माती टाकत टाकत थर चढत जातो. पूर्वी पाच-सहा इंच असलेला थर आज एक-सव्वा फूट झालेला असतो. हिशोब करून बघा. दहा बाय दहा फुटांच्या खणावर एक फूट माती म्हणजे बरोबर एक ब्रास (शंभर घनफूट), साडेचार ते पाच टन, आणि भिजली की त्याहून जास्त. एवढं वजन सागवानी तुळया निमूट झेलत असतात. त्यामुळे 'वाडा म्हातारा झाला' असं म्हणण्याआधी त्याच्या डोक्यावरचं ओझं मोजा.

मग तुळईची टोकं. लाकूड मधे सहसा चांगलं असतं, सडतं ते भिंतीत शिरलेलं टोक, कारण ओल तिथे कोंडते. टोच्या घालून बघा. अर्ध्या इंचापर्यंत सहज गेला तर वरवरची कीड आहे, दोन इंच गेला तर टोक गेलं. कड्यांना (तुळयांवरच्या आडव्या लाकडांना) बोटाने ठोका. पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे.

भिंतीचा ओळंबा लावा. भिंत वरून खालपर्यंत किती सरकली ते दर सहा फुटांवर लिहा. जाडीच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त झुकाव दिसला (तुमच्या दोन फुटी भिंतीला चार इंच) तर तो भाग गंभीर धरा. झुकणं आणि पोट सुटणं यांत गल्लत करू नका. पोट सुटलेल्या भिंतीत बाहेरची नि आतली दगडाची फळी एकमेकींपासून सुटलेली असते आणि मधली माती खाली बसलेली असते. हातोडीने ठोकलं की भद्द आवाज येतो.

भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवा, तारीख लिहा, तीन महिने बघा. काच फुटली नाही तर भेग जुनी आहे, हालचाल थांबलेली आहे. नोटिशीची मुदत तेवढी नसेल तर आजच टेकू लावून घ्या आणि पट्ट्यांची नोंद चालू ठेवा.

ढाळज

धन्यवाद. तीन खणांत खड्डे घेतले. थर १४, १३ आणि ११ इंच. दर्शनी भिंतीला दरवाजाच्या डावीकडे पोट आहे, साधारण सहा फूट लांबीत, बाहेर तीन इंच. मागच्या खोलीखालची तुळई खाली वाकली आहे. अहवालात हॅमरचे आकडे आहेत, काँक्रीटची ताकदही लिहिली आहे.

तुळई_आणि_खण

मग मूळ दुखणं दोन ठिकाणी आहे: माळवदावरची माती आणि मागची विटांची खोली. ती खोली तुळईच्या अधेमधे भिंत टेकवून बांधली असणार, म्हणून तुळई वाकली. ती काढलीच पाहिजे, तिथे मी भावनेला जागा देणार नाही. बाकी वाड्याला सी-१ म्हणायला हे आकडे पुरेसे नाहीत.

कामाचा क्रम चुकवू नका. सगळ्यात आधी टेकू. लोखंडी प्रॉप किंवा बल्ल्या तुळईच्या प्रत्येक टोकाजवळ आणि मधे लावा. वरच्या मजल्यावरचा टेकू खालच्या टेकूच्या बरोबर डोक्यावर आला पाहिजे आणि सगळा भार जमिनीपर्यंत गेला पाहिजे. वाड्यात तळघर, पेव (धान्याचं भुयार) किंवा भिंतीत बळद (धान्य साठवायची पोकळी) असेल तर त्यावर टेकू येऊ देऊ नका. आधी फरशी ठोकून पोकळी शोधा.

दुसरं, माती उतरवणं. हे दिवाळीनंतर, होळीच्या आत. एका वेळी एकच खण, मधून कडांकडे, दोन्ही बाजूंनी सारखं. काढलेली माती शेजारच्या खणावर ढीग करून ठेवली की तोच खण बसतो. अपघात बहुतेक इथेच होतात. पोत्यांतून थेट रस्त्यावर उतरवा, मधल्या मजल्यावर टाकू नका.

वजन उतरलं की भिंतीचा वरचा दीड-दोन फुटांचा भाग सैल पडतो, कारण तोच दाब त्याला धरून होता. म्हणून भिंतीच्या डोक्यावर चुन्यात दगड बसवून घ्या आणि लाकडी पट्ट्यांनी किंवा बँडने सगळ्या भिंती वरून एकमेकींना बांधा. हे न करता लगेच नवं छत टाकणं म्हणजे हलत्या डोक्यावर घडा ठेवणं.

छतासाठी: किलचन (कड्यांवरचे लाकडाचे छोटे तुकडे) आणि फळ्या बदला, सडलेली तुळई तेवढीच जोडा. टोक गेलं असेल तर पूर्ण तुळई फेकायची गरज नसते. गेलेला भाग कापून नवं सागवानी टोक तिरक्या सांध्याने आणि बोल्टने बसवा, किंवा दोन बाजूंना पोलादी पट्ट्या घ्या. टोक भिंतीत घालताना भोवती अर्धा-पाऊण इंच मोकळी जागा ठेवा, हवा खेळली पाहिजे. वर चार इंचांचा चुन्याचा कोबा (कुटून केलेला थर), दर पाच फुटाला एक इंच उतार, आणि पन्हाळी भिंतीबाहेर किमान दीड फूट. उजेडाचं सवणं (छतातलं भोक) बंद करू नका, त्याच्या कडेला कोब्याची तीन-चार इंच उंच कड उचला.

माती काढून वर थेट आरसीसी स्लॅब टाकू का, असं बरेच जण विचारतात. वजनाचा प्रश्न नाही. पाच इंची स्लॅब एक फूट मातीपेक्षा हलकाच पडतो. पण तो ताठ असतो, मराठवाड्याच्या उन्हात फुगतो-आकसतो आणि भिंतीच्या डोक्यावर चीर पाडतो. शिवाय क्युअरिंगचं पाणी आठवडाभर मातीच्या सांध्यांत मुरतं.

पोट सुटलेल्या भिंतीला दोन उपाय आहेत. पोट वाढलेलं असेल तर तेवढा भाग दगडांवर नंबर टाकून उतरवा आणि दोन्ही फळ्यांना आरपार जाणारे दगड घालून पुन्हा चढवा. पोट थांबलेलं असेल तर किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या दुरुस्त्यांत वापरलेली पद्धत आहे. दर तीन-साडेतीन फुटांवर भिंतीत आरपार भोक घ्यायचं, आत जरा रुंद करायचं, आठ मिलीमीटरची दोन्हीकडे आकडे असलेली सळई घालायची आणि काँक्रीटने भरायचं. भोक हातोडा-छिन्नीने मारू नका. सळईने हळूच दगड सैल करून काढा, नाहीतर आतली माती ढासळते. खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू कायमचे बसवले की चौकट आडवी हलत नाही. त्या भूकंपात जड माळवद आणि न बांधलेल्या दगड-मातीच्या भिंती यांनीच सर्वात जास्त जीव घेतले. म्हणून माती उतरवणं आणि फळ्या बांधणं ही दोन कामं कुणी टाळू नयेत, वाडा कितीही चांगला दिसो.

कळीचा_चुना

सिमेंट प्लास्टर लावू नका एवढंच कळकळीने सांगतो. बाहेरून सिमेंट लागलं की भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ती वर चढते आणि तुळईच्या टोकाशी जाऊन बसते. आधीचं सिमेंट असेल तर ते हळू सोलून काढा.

कळीचा चुना भिजवून किमान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर मुरू द्या. दगडकामाला एक भाग चुना, दोन भाग वाळू. जिथे पाणी लागतं तिथे, म्हणजे कोबा, पन्हाळीचा भाग, जोतं, एक चुना, एक सुरखी (विटांची पूड), दोन वाळू. सुरखी नसेल तर ओल्या जागी चुना धरत नाही. सुरखी नीट भाजलेल्या विटांचीच हवी, कच्च्या विटेची पूड म्हणजे नुसती माती. प्लास्टर दोन हातांत, प्रत्येक हात अर्धा इंच, मधे चांगला आठवडा. गोणपाट भिजवून आठ-दहा दिवस ओलं ठेवा. एप्रिल-मे मधे चुन्याचं काम करू नका, पाणी उडून जातं आणि पापुद्रे सुटतात.

नकाशा_मंजुरी

आता भाडेकरू. वाडा पाडला गेला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पाडून टाकलं की दुकानं आपोआप मोकळी होतील, हा हिशोब चुकीचा ठरेल. दुरुस्ती करा किंवा पाडा, दोन्ही दुकानांचं चटई क्षेत्र आजच मोजा, नकाशा काढा, फोटो घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या. दुकान किती काळ बंद राहील आणि भाडं किती, हे लेखी करा.

पुनर्विकासाकडेच जायचं ठरलं तर चार गोष्टी. जागा २,४०० चौरस फूट म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या प्रकल्पाला महारेराची (बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाची) नोंदणी सक्तीची नाही. याचा अर्थ बिल्डर अर्धवट सोडून गेला तर रेराचा धाक तुमच्या बाजूने उभा नसेल. म्हणून बँक हमी, मुदत, उशिराचा दंड, पर्यायी जागेचं भाडं आणि तुमचं चटई क्षेत्र हे सगळं नोंदणीकृत विकसन करारात असलं पाहिजे. कुलमुखत्यारपत्र अमर्याद देऊ नका. चारही वारसांच्या सह्या एकाच वेळी घ्या.

गल्लीला रुंदीकरणाची रेषा लागली आहे का, हे नगररचना विभागात विकास आराखड्यावर बघा. दर्शनी भाग पाडून नवं बांधलं की ती जागा सोडावी लागू शकते. तेव्हा बिल्डरने दाखवलेले चार मजले आणि पार्किंग कागदावर खरोखर बसतात का, हे त्याच्या नकाशावर नाही, स्वतंत्र वास्तुविशारदाकडून तपासा.

वाड्याचं नाव महापालिकेच्या वारसा (हेरिटेज) यादीत आहे का तेही विचारा. असेल तर वारसा समितीचं मत घेतल्याशिवाय पाडकाम किंवा बाहेरचा बदल करता येत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. बेगमपुऱ्याकडे बीबी का मकबऱ्यामुळे हा प्रश्न हमखास येतो, गुलमंडीत अंतर मोजून खात्री करा. निषिद्ध क्षेत्रात नवं बांधकाम नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते.

नहर

बिल्डरच्या प्रस्तावात एक गोष्ट सगळे विसरतात. जुन्या शहराखालून नहरीच्या (जुन्या भूमिगत पाणीपुरवठ्याच्या) वाहिन्या आणि खापरी नळ गेलेले आहेत, मलिक अंबरच्या काळापासून. पार्किंगसाठी खोल खोदलं तर त्या तुटतात, आणि ते पाणी शेजारच्या घराच्या पायामधे शिरतं. जागेत आड असेल तर नळ जवळच असण्याची शक्यता धरा. खोदण्याआधी चार-पाच ठिकाणी हाताने चाचणी खड्डे घ्या.

दुसरं म्हणजे सामाईक भिंत. शेजारच्या तुळया तुमच्याच भिंतीत बसलेल्या असतील. पाडण्याआधी शेजाऱ्याच्या बाजूनेही टेकू लावावे लागतात. त्याचा खर्च कोण करणार ते करारात लिहा.

ढाळज

ऑडिट पुन्हा करून घेतो, टेकू लगेच लावतो. मागची खोली काढायला तिघे वारस तयार आहेत. शेवटचा प्रश्न उर्दू कागदांचा राहिला. बैनाम्यावर (खरेदीखतावर) '१३४१ फसली' असं साल आहे.

नकाशा_मंजुरी

चालतात. निजामी अमलातले मराठवाड्यातले बरेच व्यवहार उर्दूत झालेत. फसली सालात (निजामी महसुली सालात) ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे तुमचा बैनामा १९३१-३२ चा. अनुवाद अधिकृत अनुवादकाकडून करून घ्या आणि त्याच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का घ्या. चतुःसीमा आणि मोजमाप यांचं वाचन दुसऱ्या जाणकाराकडून पडताळा, कारण शिकस्त (घाईच्या, जोडून लिहिलेल्या) लिपीत गज आणि चतुःसीमा चुकीच्या वाचल्या जातात. बैनाम्यातली नावं आणि आखीव पत्रिकेवरची (प्रॉपर्टी कार्डवरची) नावं जुळतात का बघा. मधल्या वारसांची नोंद राहिली असेल तर ती नगर भूमापन कार्यालयात आधी लावा. तिथे नाव नसेल तर दुरुस्तीची परवानगीही अडते, विकसन करारही. आखीव पत्रिकेची ताजी प्रत सोमवारी काढा आणि वारसांची नावं लपवून इथे टाका. पुढचं त्यावरून सांगता येईल.