मदत हवी आहे: शाळेच्या कार्यशाळेतलं लाकडी कोडं, शेवटचा तुकडा बसतच नाही

नववी_अ: परवा जमा करायचंय, प्लीज लवकर सांगा. सगळं मोजून कापलंय, तरी शेवटचा तुकडा आत जात नाही. पॉलिश पेपर मारून मारून हात दुखले.

भुसाभुशी: कोणतं कोडं? कुठलं लाकूड? कशाने कापलं?

नववी_अ: सोमा क्यूब हो, तीन सेंटीच्या २७ ठोकळ्यांपासून सात तुकडे बनतात, ते जुळवून एक मोठा घन करायचा. लाकूड साधंच आहे.

प्लायप्रेमी: साधं म्हणजे काय ते देव जाणे. भरीव लाकूड दमट हवेत फुगतं. प्लाय घ्या, प्रश्न मिटला.

रंधेकरी: प्लायने काय मिटणार? तीन सेंटीच्या ठोकळ्यासाठी किती थर चिकटवत बसायचे? वर कडांचे पापुद्रे निघतात ते वेगळंच. @नववी_अ, एका ठोकळ्याच्या तिन्ही बाजू मोज आणि आकडे टाक.

कोडेबहाद्दर: सोमा डेन्मार्कच्या पीट हाइन यांचं. फिरवलेल्या आणि आरशातल्या मांडण्या वेगळ्या न धरता घन २४० प्रकारे जमतो, तेव्हा एकाच मांडणीत अडकू नका. शिवाय पिळाचे दोन तुकडे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. दोन्ही एकाच बाजूचे झाले असतील तर संचच चुकला.

नववी_अ: पिळाचे बरोबर आहेत, छापील उत्तर बघूनच लावतोय. रुंदी ३०, जाडी ३०, लांबी साडेअठ्ठावीस. लाकडाच्या लांब पट्टीवर दर ३० मिमीला सगळ्या खुणा एकदमच केल्या होत्या.

रंधेकरी: सापडलं! पात्याने दर कापाला दीड मिमीचा भुसा पाडला, तो त्या तिसातूनच गेला. तीन ठोकळे एका दिशेने ९० भरतात, दुसऱ्या दिशेने साडेपंच्याऐंशी. घासून फक्त कडा गोल होतील. नवी पट्टी घे. २७ ठोकळ्यांचे ८१० आणि भुशाचे ४० धरले तर ८५० होतात, ९०० मिमी असू दे. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून टोक सरळ कर, पात्यापासून ३० मिमीवर एक अडणीचा ठोकळा पक्का बसव आणि प्रत्येक वेळी पट्टी त्याला टेकवून काप. खुणांची गरजच नाही. चिकटवण्याआधी सगळे सुटे रचून बघ.

प्लायप्रेमी: किंवा लेझरने कापून आणा.

रंधेकरी: मग कार्यशाळा कशाला?

जवसवाले: रंगाऐवजी जवसाचं तेल लावा, वार्निशच्या थराने तुकडे घट्ट होतात. तेलाचे बोळे मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात.

नववी_अ: रंगाचं कोणी विचारलं? पण माझे सगळे चिकटवून झालेत. गरम पाण्यात फेविकॉल सुटतो का?

रंधेकरी: हे आधी सांगायचं ना, बाबा!

भुसाभुशी: पांढरा असेल तर ओल आणि उष्णतेने मऊ पडतो. पण लाकूड फुगेल, पूर्ण वाळल्याशिवाय मोजू नकोस. आणि सुटले तरी प्रत्येकाच्या दोन बाजूंचे दीड-दीड मिमी काढावे लागतील. एवढ्याशा ठोकळ्यावर रंधा धरता येत नाही. त्यापेक्षा नवी पट्टी लवकर होईल.

नववी_अ: ठीक. अडणीचा ठोकळा नुसता खिळ्याने ठोकला तर चालेल का?

रंधेकरी: स्क्रू लाव, दोन. एकावर तो फिरतो.