आयर्व्हिंग यांच्या कथांतील दोन पत्नी: मेरी आणि रिपची बायको

प्रश्न (खानापूर)
मी बेळगावात इंग्रजी साहित्यात एम.ए. करीत आहे. अमेरिकी लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांच्या ‘स्केच बुक’ या लेखसंग्रहाच्या १८१९ मधील पहिल्याच भागात ‘द वाइफ’ आणि ‘रिप व्हॅन विंकल’ या दोन्ही कथा आहेत. पहिलीतील मेरी नवऱ्याची संपत्ती बुडाल्यावर हसतमुखाने लहानशा घरात राहायला जाते, तर दुसरीतील पत्नी केवळ कजाग म्हणून लक्षात राहते. सोसणे हाच त्या काळी पत्नीचा गुण मानला जात होता काय?

उत्तर (निपाणी)
सोशिकपणाची स्तुती आहेच; पण दिवाळे निघाल्याचे मेरीला आधी कळूच दिलेले नव्हते, मित्राने आग्रह केल्यावर नवरा ते सांगतो, हे विसरू नये. विवाहितेची मिळकत तेव्हाच्या कायद्याने बहुतांशी पतीच्या हाती जाई. न्यूयॉर्कमध्ये हे बदलणारा कायदा १८४८ साली आला. म्हणजे व्यवहार त्याचा आणि कसोटी तिची. रिप शेजाऱ्यांची कामे आनंदाने करतो, त्याची स्वतःची शेती मात्र ओसाड पडते आणि मुले फाटक्या कपड्यांत हिंडतात, हे लेखकच सांगतो. तरीही हशा पिकतो तो बायकोवर. माझ्या मते तिची तक्रार रास्त आहे.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)
निपाणीच्या सरांशी मी सहमत आहे. मात्र केवळ पुरुषांचे लेखन वाचून निष्कर्ष काढू नये. अमेरिकेतील सतराव्या शतकातील कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट यांची पतीला उद्देशून लिहिलेली कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १६७८ मध्ये छापली गेली. प्युरिटन (कडक आचाराच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) घरातील ही स्त्री पतीचे प्रेम सोन्याच्या खाणींहून मोलाचे मानते आणि तेही स्वतःच्या तोंडाने सांगते. तिथे पत्नी ही दुसऱ्याने वर्णन केलेली मूर्ती राहत नाही. अमेरिकी मुद्रक व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन आत्मचरित्रात वेगळाच गुण नोंदवतात: त्यांची पत्नी डेबोरा पुस्तिका घडी घालून शिवत असे, दुकान सांभाळत असे आणि कागदासाठी जुन्या चिंध्या विकत घेत असे. हे कौतुक प्रांजळ आहे, पण त्यातही हिशेब धंद्याचाच आहे.

उत्तर (खानापूर)
आभारी आहे, मॅडम. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांच्या १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’ या मराठी कादंबरीशी तुलना करावी, असे मनात आहे.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)
अवश्य करा, परंतु तिथे मुख्य प्रश्न विधवांच्या दुःखाचा आहे. त्यामुळे पत्नीच्या गुणांची थेट तुलना ओढूनताणून करू नका. दोन्हीकडे स्त्रीची कहाणी कोण सांगतो, एवढाच धागा धरलात तर प्रबंध आटोक्यात राहील.