‘डोळ्याबद्दल डोळा’: ज्यू लोक हे शब्दशः घ्यायचे का?

सातारकर: तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तसं स्पष्ट लिहिलंय. मग खरंच डोळा काढायचे?

अश्दोदचे_आजोबा: नाही हो! तालमूद या धर्मचर्चांच्या ग्रंथाच्या ‘बाबा कामा’ भागात (पान 83-84) रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, यावर कडाक्याचा वाद घातलाय. आंधळ्यानेच कुणाचा डोळा फोडला, तर त्याचा काय काढणार? म्हणून पैशांत भरपाई. तीही पाच तऱ्हांची: इजा, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि बेअब्रू. बेअब्रूचेसुद्धा पैसे, हे मला फार आवडतं.

सातारकर: सगळ्यांना पटलं?

अश्दोदचे_आजोबा: छे! रब्बी एलिएझर म्हणाले, खराच डोळा. तेही तिथंच छापलंय.

मीना_ठाणे: काका, राशी या जुन्या भाष्यकाराचं भाष्य तालमूदच्या पानावर कुठे शोधू?

अश्दोदचे_आजोबा: आतल्या समासात, शिवणीकडे. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशीनंतरच्या पंडितांच्या टिपा. लिपी वेगळी दिसेल, घाबरू नकोस.