विषय: स्पॅनिश आणि बिझनेस एकत्र शिकण्याबद्दल सल्ला हवा

प्रेषक: मृणाल, केटी

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या नाटकाच्या मेलमध्ये हे मिसळायला नको म्हणून वेगळं लिहिते आहे. थोरली लेक यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला बिझनेसला जायचंय, ओढा सप्लाय चेनकडे. स्पॅनिश मात्र तिला सोडायचं नाही. सातवीपासून शिकते आहे, मे महिन्यात एपीच्या (शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या) परीक्षेत पाचपैकी ४ मिळाले. तिचे बाबा म्हणतात, भाषेवर क्रेडिट्स घालवण्यापेक्षा डेटा अ‍ॅनालिटिक्सचं मायनर, म्हणजे छोटा जोडविषय, घे. मला दोन्ही पटतं आणि अर्ज भरायची वेळ जवळ आली आहे. कुणाच्या घरात हा मार्ग कुणी घेतला असेल तर खरं काय ते सांगा.

मृणाल

---

प्रेषक: शैलेश, शुगरलँड

मृणालताई, माझं मत भाऊजींच्या बाजूने. आमच्या ऑफिसात मेक्सिकोहून येणाऱ्या मेल आता आपोआप इंग्रजीत दिसतात, मीटिंगला खाली भाषांतर धावत असतं. पोरगी पास होऊन बाहेर पडेल तोवर हे आणखी सुधारलेलं असेल. आवड म्हणून शिकावं, पण फी भरून नको.

शैलेश

---

प्रेषक: सुचेता, ह्यूस्टन

मृणाल, शैलेश,

शैलेश म्हणतोस ते रोजच्या मेलपुरतं खरं आहे. पन्नास पानी करार आला की मीही आधी मशीनलाच देते. पण वीस वर्षं मालवाहतुकीच्या धंद्यात काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी स्पॅनिश शिकायला घेतलं ते अडतिसाव्या वर्षी, कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात. कारण घडलं ते एका कागदामुळे. कोलंबियातल्या गिऱ्हाइकाने सुट्या भागांसाठी दर मागवला होता. वजनाच्या रकान्यात लिहिलं होतं १२.५०० किलो. आम्ही तिघांनी तो कागद पाहिला आणि तिघांनीही साडेबारा किलो वाचलं. विमानाने पाठवायचा दर देऊन मोकळे झालो. ते होतं साडेबारा हजार. कोलंबियात, अर्जेंटिनात, स्पेनमध्ये हजारासाठी टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. मेक्सिकोत मात्र आपल्यासारखंच लिहितात, म्हणून आम्हाला तोवर कधी शंकाही आली नव्हती. भाषांतर करायला त्या कागदात होतंच काय? आकडाच तर होता!

तसंच ‘बियोन’चं. इंग्रजी बिलियन आणि स्पॅनिश ‘बियोन’ एक नव्हेत. इंग्रजी बिलियन म्हणजे आपला अब्ज, त्याला ते ‘मिल मियोनेस’ म्हणतात. त्यांचा ‘बियोन’ म्हणजे आपले एक लाख कोटी, हजारपट मोठा. कागदावर मशीन हे सांभाळून घेईल. पण समोरचा माणूस जेवताना सहज एक आकडा बोलून जातो, तेव्हा तो आपल्याच कानाला कळावा लागतो.

आणि आपण राहतो कुठे ते बघा: टेक्ससात, मेक्सिकोच्या सीमेला लागून. नाफ्ता, म्हणजे अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा व्यापार करार, १९९४ मध्ये आला, २०२० मध्ये त्याच्या जागी नवा करार आला, आणि २०२३ मध्ये चीनला मागे टाकून मेक्सिको अमेरिकेला सगळ्यात जास्त माल पुरवणारा देश झाला. त्यातला केवढा तरी माल सीमेवरच्या लारेडोच्या पुलावरून आपल्याच राज्यात उतरतो. डीअर पार्कची रिफायनरी २०२२ पासून पूर्णपणे पेमेक्सची, म्हणजे मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीची आहे. सप्लाय चेन शिकणाऱ्या टेक्ससच्या मुलीला स्पॅनिश आलं तर तिच्या विषयाचा निम्मा नकाशा तिला थेट वाचता येईल.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. आपल्या मुलांना ही भाषा जरा लवकर उघडते, आणि ते मराठीमुळे. माझ्या वर्गातले इंग्रजी बोलणारे विद्यार्थी ‘मे गुस्ता’पाशी आठवडेच्या आठवडे अडले होते. ‘आय लाइक’मध्ये ‘मी’ कर्ता असतो, इथे आंबा कर्ता असतो. मी मनात म्हटलं, अरे, हे तर ‘मला आंबा आवडतो’! ‘मे गुस्ता एल मांगो’. आंबे अनेक झाले की ‘मला आंबे आवडतात’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, दोन्हीकडे. सर्वनाम गाळून नुसतं ‘आले’ म्हणणं त्यांच्यातही चालतं. त्यांचे त, द, प, क आपल्या जिभेवर आधीच बसलेले आहेत. आणि तू-तुम्ही! बोगोतात तर घरच्या माणसांनासुद्धा सर्रास ‘उस्तेद’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणतात. आजोबांना ‘अहो’ म्हणून वाढलेल्या मुलीला ‘तू’ कुठे म्हणायचं नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. मेक्सिकोत इंजिनिअरला नावाऐवजी ‘इंहेनिएरो’ म्हणून हाक मारतात. तो मान राखला की समोरच्याचा आवाज मऊ होतो, हे मी फोनवर कितीदा तरी ऐकलं आहे.

म्हणून माझं मत: घ्यावं, पण नावापुरतं मायनर घेऊ नये. कविता-कथांचे चार पेपर आणि पदवीवर एक ओळ, एवढ्याने काम करण्याइतकी भाषा येत नाही. साहित्य वाचावंच, त्याशिवाय माणसं कळत नाहीत. पण कॉलेज निवडताना एक प्रश्न विचारा: शेवटच्या दोन वर्षांत पैशांचा, मालाचा, कराराचा एखादा तरी विषय स्पॅनिशमधून शिकवतात का? ‘नाही’ म्हणाले तर दुसरं कॉलेज बघा.

सुचेता

---

प्रेषक: वसंतकाका

चि. मृणाल,

एक भर घालतो. भाषा आणि व्यापार एकत्र शिकवणं नवीन नाही. अ‍ॅरिझोनात महायुद्धात वैमानिक तयार करणारा एक तळ होता. त्या जागेवर १९४६ साली थंडरबर्ड ही व्यापारशाळा सुरू झाली. परदेशाशी व्यापार, त्या देशांची ओळख आणि तिथली भाषा, अशी तिची तीन अंगं होती. आज ती अ‍ॅरिझोना स्टेटचा भाग आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा हंट्समन कार्यक्रमही बघ, व्हार्टन या तिथल्या व्यापारशाळेची पदवी आणि भाषेसह दुसरी पदवी असा तो जोड आहे. जागा फार थोड्या असतात.

आणि पुण्याच्या माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, कोलंबियाच्या रस्त्यांवर आपल्या बजाजच्या पल्सर भरपूर दिसतात. टीसीएसने २००२ मध्ये उरुग्वेत माँतेविदेओला केंद्र काढलं. तेव्हा ही भाषा अमेरिकेतच उपयोगी पडेल असं समजू नका.

वसंतकाका

---

प्रेषक: ईशान, ऑस्टिन

मृणालकाकू, नमस्कार. आईने ही मेल मला पाठवली. मी फायनान्स आणि स्पॅनिश करतोय, चौथं वर्ष. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुकलं तर समजून घ्या.

एक, उशीर करू नका. मी स्पॅनिश चौथ्या सेमिस्टरला सुरू केलं आणि ते मला महाग पडलं. बिझनेसचे विषय एकामागे एक बांधलेले असतात, अकाउंटिंग झाल्याशिवाय फायनान्स मिळत नाही. वरचे स्पॅनिशचे वर्ग बहुतेक वेळा वर्षातून एकदाच लागतात. दोन्ही एकाच तासाला आले की एक सेमिस्टर गेलंच. साधारण १२० क्रेडिट्सची पदवी असते, मायनर अठराच्या आसपास, मेजर तीसच्या आसपास. एपीच्या ४ वर बऱ्याच ठिकाणी खालचे वर्ग माफ होतात, म्हणजे तुमच्या लेकीचं बरंच काम आधीच झालंय. डेटाचं मायनरही त्यात बसू शकेल, काकांना सांगा. फक्त ‘डबल मेजर’ (एकाच पदवीत दोन मुख्य विषय) आणि ‘दोन पदव्या’ या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन पदव्यांना बहुतेक ठिकाणी जादा क्रेडिट्स लागतात, म्हणजे जादा फी. अ‍ॅडव्हायझर दोन असतात, एक बिझनेसचा आणि एक भाषेचा, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या बाबतीत दोघांनी वेगवेगळं सांगितलं. प्रत्येक गोष्ट लेखी घ्यायची.

दोन, परदेशातलं सेमिस्टर. माझा मित्र बार्सिलोनाला गेला. शहर सुंदर, पण त्याचे सगळे वर्ग इंग्रजीतून, राहायला अमेरिकन मुलं, आणि रस्त्यावर पाट्या कातालानमध्ये. मी मेक्सिकोत मोंतेर्रेला, तेक दे मोंतेर्रे विद्यापीठात होतो. कॉस्टिंगचा वर्ग स्पॅनिशमधून. पहिले तीन आठवडे मी फक्त ‘आक्तिवो’, ‘पासिवो’ (मालमत्ता, देणी) असे शब्द वहीत उतरवत होतो, रात्री डोकं दुखायचं. मग पगाराच्या खर्चावर एक केस करायची होती. तिथे ‘आगिनाल्दो’ असतो, म्हणजे वर्षाखेरचा बोनस: कायद्याने किमान १५ दिवसांचा पगार, २० डिसेंबरच्या आत. गटातल्या मुलांना मी म्हटलं, आमच्या आजोबांच्या कारखान्यात हा दिवाळीला मिळायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचार न करता स्पॅनिशमध्ये बोललो. आणि ‘आओरिता येतो’ म्हणजे आपलं ‘आत्ता येतो’, पाच मिनिटं किंवा दोन तास. हे मला कुणी समजवावं लागलं नाही.

तीन, पदवीच्या कागदावरून नोकरी देणाऱ्याला तुमची पातळी कळत नाही. देले ही स्पॅनिशची अधिकृत परीक्षा द्या, बी-२ पातळीची किंवा वरची. तिचं प्रमाणपत्र कायम चालतं. सिएले ही दुसरी परीक्षा ऑनलाइन आहे, पण तिचं प्रमाणपत्र पाच वर्षांनी संपतं.

शैलेशकाका, मोंतेर्रेत इंटर्नशिपला मीटिंगमध्ये भाषांतर चालू असायचं. पण खरे निर्णय मीटिंग संपल्यावर कॉफी घेताना व्हायचे. तिथे मला बोलावत होते.

ईशान

---

प्रेषक: शैलेश, शुगरलँड

ईशान, हे शेवटचं पटलं. आमच्याकडेही कॉफीला कुणाला बोलावतात ते मी बघतो आहे. माझी धाकटी आठवीत आहे, तिला यंदा भाषा निवडायची आहे. तुला फोन करतो.

---

प्रेषक: मृणाल, केटी

सगळ्यांचे मनापासून आभार. कालची रात्र आम्ही चार कॉलेजांचे कॅटलॉग उघडून बसलो. सुचेताने सांगितलेला प्रश्न लावला तर त्यातली दोन गळतात. उरलेल्या दोन्हींत डेटाचं मायनरही बसतंय, ईशानने लिहिल्याप्रमाणे क्रेडिट्स कागदावर मांडून पाहिली. तिचे बाबा तो कागद घेऊन बसले आहेत, अजून ‘हो’ म्हणाले नाहीत, पण लारेडोच्या पुलावरून रोज किती ट्रक येतात ते शोधत होते.

सुचेता, शनिवारी तालमीला लेकीला घेऊन येते. तुझी आंब्याची गोष्ट वाचून ती खूश झाली आणि लगेच भांडायलाही उठली. तिचं म्हणणं, मग ‘तेंगो आम्ब्रे’चं काय? मराठीत मला भूक लागते, स्पॅनिशमध्ये भूक माझ्याकडे असते. हे का जुळत नाही, ते तिला तुलाच विचारायचं आहे.

मृणाल