मदत हवी आहे : प्रदर्शनाच्या रिंगणात कालवड पाय रोवून उभी राहते

आमची ११ महिन्यांची कालवड घरच्या आवारात मुलीच्या हाती म्होरकीवर (तोंडाभोवती बांधलेल्या दोरावर) व्यवस्थित चालते, मात्र परकी जनावरे आणि ध्वनिक्षेपक असलेल्या रिंगणात जागची हलत नाही. पाऊल टाकताच दोर सैल सोडणे, रोज खरारा करणे, गोठ्यात रेडिओ लावणे, शांत गाईमागे चालवणे, हे सारे करून झाले. पशुवैद्यांनी खूर तपासले असून लंगडेपणा नाही. वेसण किंवा गुंगीचे औषध वापरायचे नाही, आणि मुलांच्या गटात दोर मोठ्यांना धरता येत नाही. गुरांना थेट पाठीमागचे दिसत नसल्याने मागून हाकणारा माणूसच तिला बिचकवत असावा, असा माझा कयास आहे. तिला आधी परक्या जनावरांची सवय लावावी की आवाजाची, आणि रिंगणात ती अडल्यास मुलीने नेमके काय करावे?